मावशी सोमवारपासून येणार आहेत

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू बाबांना जे बोललास ते मी शेजारी बसून ऐकत होते. "ती बाई परत येणार असेल तर मी मामाकडेच राहतो, इथूनच दहावी करतो." तेव्हाच उत्तर दिलं असतं तर तू फोन ठेवून दिला असतास. कागद तसा मध्येच कापता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मावशी सोमवारपासून आपल्याकडे परत कामाला येणार आहेत. तूही सोमवारीच ये. मंगळवारी शाळा उघडते, आणि दहावीचं वर्ष वर्ध्याला मामाच्या गच्चीवर पतंग उडवून निघत नाही. 'ती किंवा मी' असं तू म्हणालास, पण असला सौदा या घरात चालत नाही. तू कुठेही गेलास तरी या घरचाच. मावशींना मात्र 'नको' म्हटलं की उद्यापासून दार बंद. दोघांना एकाच तराजूत घालून आमच्यापुढे धरायला तू निघालास, ते मला पटलेलं नाही.

खर्र्याचं, त्या सुपारी-तंबाखूच्या पुडीचं, नंतर बोलू. आधी तुझ्या एका वाक्याबद्दल.

गॅसच्या सिलिंडरचे पैसे डाळीच्या डब्यामागे नव्हते, तेव्हा बाबांनी तुला विचारलं. तू मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणालास, "मला काय माहीत, सैपाकघरात दिवसभर मावशीच तर असते." मावशीनं घेतले असं तू म्हणाला नाहीस. तेवढा तू हुशार आहेस. बाबा सीझनमध्ये रात्री दहापर्यंत कापसाच्या जिनिंगच्या काट्यावर उभे असतात, घरी येतात तेव्हा डोकं ठिकाणावर नसतं. त्यांनी तुझं वाक्य उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना विचारलं, "तुम्ही ते पैसे उचलून दुसरीकडे कुठे ठेवले का?" घरातल्या माणसाला विचारतात तसंच विचारलं, असं ते आजही म्हणतात. पण पगार देणारा असं विचारतो तेव्हा ते वेगळंच ऐकू जातं.

तू तेव्हा आंघोळीला होतास, म्हणून तुला माहीत नाही. मावशी हो म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी खुंटीवरची थैली काढली आणि ओट्यावर उलटी केली. स्टीलचा डबा, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा, मिसरीची डबी, आपल्या छोटीच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण आणि सुईदोरा. मग एकेक वस्तू परत आत भरली, छोटीला म्हणाल्या, "दूध पिऊन घे वो माय," आणि चपला घालून गेल्या.

त्या वेळी तुझं नाव सांगायला त्यांच्याजवळ सगळं होतं. तुझ्या जीन्सच्या खिशात खर्र्याची रबर लावलेली पन्नी त्यांना आधीच सापडली होती. त्यांनी तुला मोरीजवळ उभं करून विचारलं होतं, आणि तू छोटीच्या डोक्यावर हात ठेवून "आईला सांगशील तर हिची शपथ" म्हणाला होतास. स्वतःवर आळ आला तेव्हाही त्या बाईनं ती शपथ मोडली नाही. मला ते बरोबर वाटत नाही आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. पण तू कोणाच्या गप्प बसण्याच्या आडोशाला उभा होतास, ते तुला कळलं पाहिजे.

आपलं गाव केवढं आहे ते तुला ठाऊक आहे. हापशीवर सकाळी झालेली गोष्ट दुपारपर्यंत ग्रामपंचायतीत पोचते. मास्तरांच्या घरी, दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये, किराणावाल्याकडे, जिथे जिथे बाई लागते तिथे एकच प्रश्न विचारतात: हात कसा आहे? म्हणजे चोरीची सवय आहे का. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, मावशींचा अर्ज मीच भरून दिला होता. पण जिच्याबद्दल गावात कुजबुज झाली तिला कामावर ठेवा, असं कोणता कायदा सांगणार? डिग्री नाही, शिफारसपत्र नाही. लोक त्यांच्यावर घर सोडून जातात, एवढीच त्यांची कमाई. ती तू सैपाकघराच्या दारातून, मान वर न करता, सांडून टाकलीस.

त्यानंतर पानठेल्यावर जे झालं ते मी दोन्हीकडून ऐकलं आहे. तू सांगितलंस की मावशीनं चारचौघांत कानाखाली मारली. मारली, हे खरं आहे. त्याच्या आधी काय झालं ते तू गाळलंस. मावशी शेतातून येत होत्या, अंगावर दिवसभराची धूळ. तू शाळेच्या शर्टात ठेल्यावर उभा, आणि ठेलेवाला पन्नीवर खर्रा घोटत होता. त्यांनी आधी ठेलेवाल्याला झाडलं. मग तुला "चाल घरी" म्हटलं. आणि तू मित्रांपुढे म्हणालास, "तुले आता आमच्याकडून पगार भेटत नाही, तू कोण होय मले बोलणारी?"

तो हात मला मंजूर नाही. बाबांनी तुला कधी मारलेलं नाही, मी मारत नाही, दुसऱ्यानंही मारायचं नाही. हेच बोलायला मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी मलाच ऐकवलं. "हात लावाचा नाई म्हनता ताई, मंग जिम्मेदारी कायले देता? तुमी रातच्या डिलेवरीले जाता, साहेब जिनिंगवर. पोट्टा नऊ वाजेपावतर घरी येत नाई. मी त्याले काय आरती ओवाळू?" मी म्हटलं, बोला, दार लावून घ्या, मला फोन करा, पण हात नाही. त्या म्हणाल्या, "फोन केला त तुमी मनता पेशंट हाय, मंग करतो." बराच वेळ आमचं वाजलं. छोटी मध्ये बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी मी विचारलं की काम सोडलं होतं, मग त्या दिवशी थांबलात तरी कशाला. तर म्हणाल्या, "पगार बंद झाला म्हून का पोट्टं माहं रायलं नाई?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुझ्याकडे असेल तर सोमवारी त्यांनाच दे.

खरं कसं बाहेर आलं, तेही ऐक. मावशींनी सांगितलं नाही, तूही सांगितलं नाहीस. तुझ्या ठेलेवाल्यानं सांगितलं. तू वर्ध्याला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं जिनिंगवर माणूस पाठवला, पोराची उधारी आहे, दोनशे सत्तर, दिवाळीचं खातं मिटवायचं आहे म्हणून. मला हसावं की रडावं कळेना. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात सात वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि हा गडी त्याच पोराच्या बापाकडे वसुलीला माणूस धाडतो! बाबा गेले, उधारी दिली नाही, कलम तेवढं सांगून आले. तिथे तुझं नावच त्यानं वहीत लिहून ठेवलेलं होतं, तारखांसकट. त्या तारखा आणि सिलिंडरच्या पैशांचा हिशेब बाबांनी जुळवला. ते त्याच संध्याकाळी मावशींच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता खर्रा. तुला भाषण देत नाही, शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ तू हात पुढे करून घेतलेली आहेस. मी आरोग्य उपकेंद्रात रोज जे बघते तेवढंच सांगते. तपासणीच्या दिवशी आम्ही माणसाला म्हणतो, आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात घाला. ज्याचं तोंड चांगलं आहे त्याची तिन्ही बोटं सहज जातात. गेल्या महिन्यात एक बापा आला, तुझ्या मामापेक्षा लहान असेल. त्याचं एक बोट गेलं, दुसरं जाईना. भाकरीचा घास तो कसा घेतो विचारलं, तर म्हणाला वरणात कुस्करून. गालाच्या आतून हात फिरवला तर चामडी सुतळीसारखी ताठ लागली. हे सुपारीनं होतं, तंबाखू नसली तरी होतं. गुटख्यावर आपल्याकडे २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा डोळ्यांदेखत घोटून मिळतो, म्हणून पोरांना तो साधा वाटतो. एकदा आखडलेलं तोंड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. सुरुवातीलाच सोडलं तर पुढचं थांबू शकतं.

आणि सुरुवातीची खूण काय, तर तिखट सोसेनासं होणं. तोंडात जळजळ होते. गणपतीच्या सुमारास मावशी मला म्हणाल्या होत्या, "ताई, पोट्ट्याले तिखट लागून रायलं. ठेचा त सोडाच, रस्साबी पान्यासंगं गिळते." ताट वाढणाऱ्या माणसालाच हे दिसतं. त्यांनी कोणतं पुस्तक वाचलेलं नाही, तू पूर्वी भाकरीवर किती ठेचा घ्यायचास एवढंच त्यांना पाठ आहे.

तू म्हणशील, ती स्वतः मिसरी लावते, मला कशाला शिकवते. हे तू बाबांना म्हणालासही. लावते. पुढचे दात बघितलेस ना त्यांचे? मी कितीदा सांगून थकले. पण स्वतः खड्ड्यात उभा असलेला माणूस "इकडे येऊ नको" म्हणाला, तर तो आधी बाहेर का आला नाही म्हणून आपण उडी मारत नाही.

मावशी परत येतात त्या फुकट नाही, आणि दया म्हणूनही नाही, हे नीट समजून घे. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन कापसाची वेचणी जोरात आहे. दिवसाला चाळीसेक किलो कापूस वेचणारी बाई, किलोला दहा रुपये धर, हिशेब तुला येतो. आपण जे देत होतो ते त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. या दिवसांत आपल्या भागात घरकामाला बाई मिळत नाही, बाईला काम मात्र बांधाबांधावर मिळतं. गरज आपली आहे. तू गेल्यापासून छोटी माझ्याबरोबर उपकेंद्रात येते, लसीच्या दिवशी रडणाऱ्या पोरांना फुगा दाखवत बसते आणि दुपारी बाकावर झोपते. पगार वाढवून दिला आहे, आठवड्याची एक सुट्टी ठरली आहे. गुडघे दुखतात म्हणून वाकून वेचणं त्यांनाही नको होतं, तेवढं आपलं नशीब.

त्यांच्या अटी आहेत, माझ्या आहेत. आपल्या घरचा पैसा आता सैपाकघरात राहणार नाही, कपाटात राहील, ही त्यांची पहिली अट. त्या तुला काही बोलल्या तर आम्ही तुझ्यादेखत त्यांचं बोलणं खोडायचं नाही, पटलं नाही तर तू झोपल्यावर बोलायचं. मी सांगितलं, हात उगारायचा नाही, तुझी गोष्ट गल्लीत न्यायची नाही, आणि तब्येतीची गोष्ट कोणाच्याही शपथेखातर माझ्यापासून लपवायची नाही. रात्री आठनंतर तू बाहेर असलास तर त्या मला फोन करतील, आणि समोर पेशंट असला तरी मी उचलीन. जेवण कधीही बंद करायचं नाही, हे मी म्हणणार होते, पण त्याआधीच त्या म्हणाल्या, "ताट त मी वाढीनच, तो बोलो का न बोलो."

तुझ्यासाठी एकच काम आहे. चोरीची गोष्ट ज्यांच्या कानावर गेली त्यांच्यापुढे ती खोडायची. मावशींच्या शेजारची आजी आणि किराणावाले काका, या दोन घरी तुला जायचं आहे. पैसे मी घेतले होते, एवढंच सांगायचं. बाबा बरोबर येतील, पण बोलायचं तू. मावशींची माफी मागायची की नाही, ते तू आणि त्या बघा. मी पढवून पाठवलेली माफी त्या ओळखतील.

मामाला म्हणावं सकाळच्या यवतमाळ गाडीत बसवून दे. कळंबला बाबा घ्यायला येतील. बुधवारी यवतमाळला मेडिकलला दातांच्या विभागात दाखवायचं आहे, मी रजा टाकली आहे. खर्रा सुटताना चिडचिड होते, झोप लागत नाही, हे मला माहीत आहे. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तो सोडू इच्छिणाऱ्यांसाठीच असतो, पैसे पडत नाहीत. माझ्याशी बोलायला जड जात असेल तर तिथे बोल.

निघण्याआधी एकदा मामीच्या आरशासमोर उभा राहून तीन बोटं घालून बघ, आणि किती गेली ते मला खरं कळव.

तुझी,
आई