विंगेतल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

प्रयोग संपल्यावर सगळे सुधाकरभोवती गोळा झाले आणि तुम्ही टॉर्च पिशवीत टाकून शेवटची बस गाठायला निघूनही गेलात. विंगेतून संवाद सुचवणाऱ्या प्रॉम्प्टरचे आभार मानायचे राहतातच, तसे ते राहिले. म्हणून हे असं, चारचौघांत.

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकातली सिंधू, म्हणजे सुधाकरची बायको, माझ्या वाट्याला आली तेव्हा माझं मराठी म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला एक विषय. त्यांची लांबलचक वाक्यं बघूनच घाम फुटला होता. मी समासात अर्थ लिहीत सुटले होते. तुम्ही शब्दकोशाला कधी नाही म्हणाला नाहीत, पण आधी विचारायचात, “हे कोण कुणाला बोलतंय? आणि का?” मग शिसपेन्सिलीनं वाक्यात उभ्या रेघा मारायच्या, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवायचं. अर्धे शब्द तिथेच सुटे व्हायचे.

‘कशि या त्यजू पदाला’ हे पद आठवतं? त्यातलं ‘पादयुग’ मी कृतयुग-कलियुगाच्या चालीवर घेतलं होतं. तुम्ही हसला नाहीत. नुसतं म्हणालात, “भाऊ माहेरी चल म्हणतोय, ती नवऱ्याचे पाय सोडत नाहीये. पाय किती असतात?” युग म्हणजे जोडी, हे त्यानंतर मी विसरणं शक्यच नाही. पुढच्या ‘निरयवसती’साठी तर तुम्ही फक्त खालच्या ओळीवर बोट ठेवलंत. तिथे ‘नरक’ लिहिलेलाच होता. पदं गडकऱ्यांची नव्हेत, वि. सी. गुर्जरांची, हेही तेव्हाच कळलं. १९१९ साली गडकरी गेले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं, बालगंधर्वांच्या सिंधूसह. हे ऐकून मला आणखीच धडकी भरली, ते असो.

संस्कृत शब्दांपेक्षा मला फसवलं ते ओळखीच्या शब्दांनी. ‘सनद’ मला सरकारी कचेरीतल्या ‘नागरिकांची सनद’ या फलकापुरती ठाऊक. सुधाकर वकील आहे, मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, त्याचा खटका उडतो आणि त्याची सनद काही काळ रद्द होते, म्हणजे त्याचं कोर्टात उभं राहणंच थांबतं, हे तुम्ही सांगितलंत. आजही वकिलाला सनदच मिळते म्हणे. ते कळल्यावर तळीरामानं पुढे केलेला पहिला प्याला सुधाकर का घेतो ते समजलं. त्याआधी मला तो नुसताच दुबळा माणूस वाटत होता. सिंधूनं त्याच्याकडे कसं बघायचं, तेही त्या एका शब्दानं बदललं.

आणि ‘आर्यमदिरामंडळ’! मी ते एका दमात घडाघडा म्हणून टाकणाऱ्यांतली. तुम्ही सांगितलंत की त्या काळी सुधारणेसाठी, धर्मासाठी, कशाकशासाठी समाज आणि मंडळं निघत होती, त्यामुळे दारुड्यांच्या अड्ड्यालाही असं भारदस्त नाव हवंच. त्या दिवशी तालमीत सगळे पहिल्यांदा योग्य जागी हसले.

तुमच्या रेघा मारलेल्या संहितेची झेरॉक्स काढून मी संचातल्या सगळ्यांना दिली आहे, न विचारता. रागावू नका. पुढच्या प्रयोगाला तळीराम नवीन आहे. मुलगा गुणी आहे, पण मंडळाचं नाव घेताना स्वतःच फिदीफिदी हसतो. रविवारी त्याला तुमच्याकडे पाठवते आहे. चहा तो आणेल.

तुमची,
सिंधू