तलवारीचा खोकला

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत प्रकाश-तलवारींच्या, म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटातल्यासारख्या उजळणाऱ्या आणि आवाज करणाऱ्या खेळातल्या तलवारींच्या, छंदावरचा लेख वाचला. लेख झकास, पण एका वाक्यापाशी थांबलो: आवडीचे आवाज तलवारीतल्या मेमरी कार्डावर कॉपी केले की झालं! तीस वर्षं ध्वनिमुद्रणात घालवल्यामुळे मलाही तसंच वाटलं होतं. मग नातवाची तलवार आठवडाभर खोकत राहिली.

अक्षरशः खोकत. तलवार पेटली की एक गुणगुण अखंड चालू राहते, तिला हम म्हणतात. प्रत्यक्षात ती काही सेकंदांचीच फाईल असते. संपली की बोर्ड, म्हणजे मुठीतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, ती पुन्हा पहिल्यापासून वाजवतो. माझ्या हमचं शेपूट डोक्याशी जुळत नव्हतं, म्हणून दर नऊ सेकंदांनी 'खट्'. नातू म्हणाला, "आजोबा, हिला सर्दी झालीय." पूर्वी आम्ही टेप जोडताना ब्लेडने तिरकी कापायचो, सांधा ऐकू येऊ नये म्हणून. इथेही तेच करायचं, फक्त संगणकाच्या पडद्यावर: आवाजाची लहर शून्यरेषा ओलांडते तिथे कापायचं, आणि शेवटचा अर्धा सेकंद हळूहळू विरवत सुरुवातीवर चढवायचा. स्वतःच्याच धंद्यातली गोष्ट विसरलो होतो, दुसरं काय!

ही हम मी जुन्या स्पूल टेपरेकॉर्डरच्या मोटरवरून घेतली. कल्पना उसनी आहे. 1977 च्या 'स्टार वॉर्स'साठी ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी मूळ आवाज बनवला, तो फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ नेलेल्या, वायरचं कवच तुटलेल्या माइकमध्ये शिरलेला गुंजारव एकत्र करून. मग तो स्पीकरवर वाजवून त्यासमोर माइक हलवला आणि तलवार फिरल्याचा भास मिळवला. आमच्या वेळी असला माइक आम्ही दुरुस्तीला पाठवला असता.

मीही स्पीकरसमोर माइक फिरवून तलवार फिरल्याचे वीसेक 'सूं' घेतले. ऐकायला सुंदर, तलवारीत बेकार. हात फिरून थांबायचा आणि 'सूं' मागून यायचा. आताच्या बोर्डांना वेगळं खाद्य लागतं. सलग वाजत राहणाऱ्या दोन फायली, एक खालच्या सुराची, एक वरच्या. मुठीतला जायरोस्कोप मनगटाचा वेग मोजतो आणि बोर्ड त्या वेगानुसार दोन्हींचा आवाज कमी-जास्त करत एकीतून दुसरीत सरकतो. म्हणजे फिरण्याचा परिणाम आपण मुद्रित करायचाच नाही, तो खेळणाऱ्याच्या हातावर सोडायचा. हे कळायला मला चार रात्री लागल्या.

स्पीकरनेही जिरवली. हेडफोनवर माझी मोटर छातीत घुमत होती. मुठीतल्या 28 मिलिमीटरच्या चकतीतून आली तेव्हा डास! स्पीकरच्या एवढ्याशा पडद्याला खर्ज झेपत नाही. जबरदस्तीने भरला तर तो फाटतो. शेवटी 150 हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं आणि मोटरच्या मूळ सुराच्या वर उमटणाऱ्या स्वरांशांना उठाव दिला. आता खर्ज नाही, पण असल्याचा भास आहे.

कार्डाचे नखरे थोडक्यात सांगतो. आमच्या बोर्डाला डब्ल्यूएव्ही फाईल लागते, 16 बिट, मोनो, सेकंदाला 44,100 नमुन्यांची. माझं यंत्र 48,000 ने मुद्रित करत होतं. तशी फाईल बोर्डाने 44,100 ची समजून वाजवली तर सूर जवळपास पाऊण स्वर उतरतो. फायलींची नावं बोर्डागणिक बदलतात. टक्करीच्या फायलीला एका बोर्डात 'क्लॅश' असं इंग्रजीत पूर्ण लिहिलेलं चालतं, दुसऱ्याला त्यातलं स्वराक्षर गाळून. नाव चुकलं तर बोर्ड तक्रार करत नाही, गप्प बसतो. मॅकवरून कॉपी केलं तर टिंबाने सुरू होणाऱ्या अदृश्य फायली सोबत येतात आणि काही बोर्ड त्यांनाच आवाज समजून वाजवायला जातात. आणि तलवार चालू असताना कार्ड उपसू नये.

आता मूळ तक्रार. पहिल्याच दिवशी संगणकाने विचारलं, कार्ड फॉरमॅट करायचं, म्हणजे पुसून नव्याने तयार करायचं का? मी 'हो' म्हटलं. तलवारीबरोबर आलेले सगळे आवाज गेले, आणि बोर्डाच्या सेटिंगची छोटी फाईलही. तिच्याविना तलवार पेटेचना. विक्रेत्याला लिहिलं, तर दोन आठवड्यांनी उत्तर आलं की कार्डाची जबाबदारी ग्राहकाची. असेल. पण मग मूळ कार्डाची प्रत आधी काढून ठेवा, ही एक ओळ सोबतच्या कागदावर छापायला काय हरकत होती? त्या कागदावर रंगांची चित्रं बारा आहेत. अखेर तशीच तलवार असलेल्या एका भल्या माणसाने आपल्या कार्डाची प्रत पाठवली, तेव्हा ती जिवंत झाली.

आपल्या लेखातही ती ओळ नव्हती. पुढच्या अंकात तेवढी छापावी, ही विनंती.

ता. क. खोकला गेला. टक्कर झाल्याचा आवाज मी लोखंडी जिन्याच्या कठड्यावर पाना आपटून घेतला आहे. नातवाच्या मते तलवार अजून जिन्यासारखीच वाजते, आणि तो बरोबर आहे.

– एक निवृत्त ध्वनिमुद्रक