ओवळीच्या झाडाखाली आपण थांबलात, त्याबद्दल

आदरणीय दादांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात धारावीलगतच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात, काठी टेकत चालणाऱ्या एका वृद्ध बाईंबरोबर आपण आपले काम बाजूला ठेवून जवळजवळ दीड तास चाललात. ती माझी आई. निघताना आपले नाव विचारायचे राहून गेले आणि नंतर त्याची फार चुटपुट लागली, म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे. ते कोणाच्या तरी हातून आपल्यापर्यंत पोहोचेल, अशी आशा आहे.

आई ७६ वर्षांची आहे. तिचे सारे आयुष्य संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत गेले आणि गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी तिला मुंबईला आणले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. परंतु इमारतीभोवतीच्या फरशीवर दोन फेऱ्या झाल्या की ती खुर्ची मागत असे आणि दिवसभर फारसे बोलत नसे. त्या दिवशीही उन्हे चढायच्या आत एक फेरी पुरी करून घरी परतायचे, एवढाच माझा हिशेब होता. रस्त्यावरच्या गर्दीतून फाटकाच्या आत शिरल्यावर डोक्यावर सावली आली, पायांखाली मातीची वाट आली, आणि तरीही मी तिला "चल, चल" म्हणत होते.

आपण पाचोळा गोळा करत होतात. आई एका झाडापाशी थबकलेली पाहून आपण जवळ आलात. कोणीही अशा वेळी झाडाचे नाव सांगून मोकळे झाले असते. आपण मात्र तिलाच विचारलेत, "आजी, तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?" आई म्हणाली, "ओवळ." शहरात जिला बकुळ म्हणतात, ती. मग ती वाकली, जे शस्त्रक्रियेनंतर तिने माझ्यादेखत कधी केले नव्हते, आणि जमिनीवरची चार फुले उचलून तिने आपल्या तळहातावर ठेवली. ओवळीचे फूल देठ मागे सोडून अख्खे गळते आणि त्याच्या मध्यभागी मुळातच भोक असते, त्यामुळे ओवायला सुई लागत नाही. लहानपणी वाडीतल्या मुली केळीच्या सोपटाचा दोरा काढून त्यातच ती फुले ओवीत असत, हे तिने आपल्याला सांगितले. सुकलेली फुले कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली की वास कित्येक महिने जात नाही, हेही सांगितले. मी तिची मुलगी असून यातले काहीही मला ठाऊक नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

आपण खिशातून वही काढून "ओवळ" असे लिहून घेतलेत. त्या एका कृतीने पुढची सारी वाट बदलली. आई विद्यार्थिनीसारखी मागून न चालता आपल्या बरोबरीने, किंबहुना थोडी पुढेच चालू लागली. करंजापाशी तिने करंजेलाची गोष्ट काढली, ते दिव्यात कसे जाळत आणि गुरांच्या जखमांना कसे लावत ते सांगितले. करंजाला खाडीकाठचे खारे पाणी सोसते, म्हणून मिठी नदीच्या काठी तो बरा तगतो, असे आपण म्हणालात, तेव्हा तिने लगेच शास्त्री नदीच्या खाडीवरल्या करंजांची साक्ष दिली. ऐनाच्या खरबरीत सालीवरून हात फिरवताना भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपे पेरायची जमीन भाजण्यासाठी, कवळ (पानांसकट डहाळ्या) तोडायला पहाटे डोंगरावर जाण्याचे दिवस तिला आठवले.

बहावा तेव्हा पिवळ्या घोसांनी लगडला होता, तरी आपण आम्हाला दाखवलीत ती त्याची कुरतडलेली पाने. ही कीड नव्हे, फुलपाखराच्या अळ्यांचे जेवण आहे, असे आपण समजावलेत. मादागास्करहून आलेला गुलमोहर आपल्या रस्त्यांवर देखणा दिसतो, पण इथल्या अळ्या-पाखरांशी बहाव्याची सोयरीक फार जुनी आहे, म्हणून इथे मुद्दाम देशी झाडांवर भर दिला गेला, हे त्या पानांकडे पाहत ऐकल्यावर मला प्रथमच नीट उमगले.

ही सगळी जागा एकेकाळी शहराच्या कचऱ्याची भूमी होती, हे आपण सांगितलेत तेव्हा आई बाकावर टेकली होती. १९८३ साली ऐंशी ओलांडलेल्या पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी इथे पहिले रोप लावले आणि १९९४ मध्ये ही ३७ एकरांची वनराई लोकांसाठी खुली झाली. आईने पायांखालच्या मातीकडे बराच वेळ पाहिले. "म्हणजे ही राई माणसांनी उभी केली?" असे तिने विचारले. देवाच्या भयाने राखलेल्या राया तिने पाहिल्या होत्या. कचऱ्यावर हाताने उभी केलेली राई तिला त्याहून मोठी वाटली, असे ती घरी आल्यावर म्हणाली.

दादा, वाट तशी लहानच आहे. परंतु आपण एकदाही घड्याळाकडे पाहिले नाहीत, तिचा हात न विचारता धरला नाहीत, आणि ती थांबली तिथे आपणही थांबलात. मी तिला चालवत होते. आपण तिला बोलते केलेत, आणि बोलता बोलता ती पुरी फेरी चालून आली. आता दर रविवारी ती स्वतःहून चप्पल पायात घालून दाराशी उभी राहते. त्याबद्दल मी आपली अंतःकरणापासून ऋणी आहे.

आपल्या वहीसाठी आईने तिच्या वाडीत बोलली जाणारी झाडांची एकोणीस नावे कागदावर लिहून ठेवली आहेत. सातवीण फुलते तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरात, तो कागद घेऊन आम्ही दोघी येऊ. एका झाडाचे नाव तिला अजून आठवत नाही. पान दाखवले तर आठवेल, असे ती म्हणते; तेव्हा त्या दिवशी थोडा वेळ राखून ठेवावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
शीव येथील एक लेक