बाबा, वायरिंग बदलू नका, आधी रिव्हर्सचा स्विच बघा

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, गाडीचं मागचं वायरिंग बदलायला एवढ्यात होकार देऊ नका. गॅरेजवाल्याने मोठा आकडा सांगितला म्हणून म्हणत नाही. परवा फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात, की रिव्हर्स टाकल्यावर मागचे पांढरे दिवे लागत नाहीत, पण गिअरचा दांडा जरा दाबून धरला की लागतात. दुखणं कुठे आहे ते या बोलण्यातच आलंय. दोन्ही बल्ब एकाच वेळी जाणं विरळा, आणि गेलेला बल्ब दांडा दाबून परत येत नाही. उडालेल्या फ्यूजचंही तेच. कॅमेऱ्याचा स्क्रीन काळा पडतो म्हणालात, तेही वेगळं बिघडलेलं नाही. दादाने बसवून घेतलेला तो कॅमेरा रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरवरूनच करंट घेतो. दिवा नाही तर चित्रही नाही. सगळ्या खुणा गिअरबॉक्सकडेच बोट दाखवतायत.

गिअरबॉक्सच्या अंगात एक छोटा स्विच आट्यांनी बसवलेला असतो. फ्रिजचं दार उघडलं की दिवा लावणारं बटण असतं ना, तसंच त्याचं काम. तुम्ही रिव्हर्स टाकला की आतली पट्टी सरकते, स्विचच्या टोकाची गोळी दाबली जाते, आतले दोन पॉइंट एकमेकांना टेकतात आणि मागे १२ व्होल्ट पोचतात. वर्षानुवर्षं वापरून पॉइंट जळतात, गोळी अडकते किंवा आतलं गिअर ऑइल झिरपत कपलरपर्यंत, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यापर्यंत येतं. त्यात आपला पाऊस. चार महिने दमट हवेत राहून कपलरच्या पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, तो वेगळाच.

आता शोधायचं कसं ते सांगते. इंजिन पूर्ण गार असू दे. गाडी अंगणात सपाटीला लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढून-मागून दगड लावा. बोनेट उघडल्यावर इंजिनाला चिकटून जो ॲल्युमिनियमचा मोठा डबा दिसतो, ज्याच्यावर गिअरच्या केबल उतरतात, तो गिअरबॉक्स. त्याच्या अंगावर पान्याने धरता येईल असा षटकोनी डोक्याचा तुकडा शोधा, ज्यातून दोन वायर निघून एका प्लास्टिकच्या कपलरमध्ये जातात. वरून दिसत नसेल तर बॅटरीच्या ट्रेखाली टॉर्च मारून बघा. एक मात्र नक्की, दिसला नाही म्हणून जॅकवर उचललेल्या गाडीखाली तुम्ही जायचं नाही. ते काम गॅरेजच्या रॅम्पवरच होऊ दे.

कपलर सापडला की खटका दाबून सोडवा. वायर ओढू नका, प्लास्टिक धरा. इंजिन चालू न करता किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा आणि गाडीकडून येणाऱ्या कपलरच्या दोन पिना वायरच्या लहानशा तुकड्याने एकमेकींना जोडा. मागचे दिवे लखकन लागले, तर बल्ब, फ्यूज, वायरिंग सगळं ठणठणीत आहे आणि दोष स्विचचा. करंट बल्बांमधूनच जातो, २१ वॅटच्या दोन बल्बांना मिळून साडेतीन अँपिअर, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त तो तुकडा गाडीच्या लोखंडाला टेकू देऊ नका, नाहीतर फ्यूज उडेल.

दिवे लागले नाहीत, तर मग फ्यूज, बल्बांचे होल्डर आणि त्यांची अर्थिंग, या क्रमाने बघायला सांगा. बऱ्याच गाड्यांत या दिव्यांचा फ्यूज आणखी कशाशी तरी सामाईक असतो. ते दुसरं चालत असेल तर फ्यूज शाबूत आहे.

आई, आता तुझ्यासाठी, आणि हे मी अगदी कळकळीने लिहितेय. संध्याकाळी बाबा गडग्याच्या कडेने गाडी मागे घेतात, तेव्हा तू टॉर्च घेऊन मागे उभी राहून "येऊ दे, येऊ दे" करतेस. हे आजपासून बंद. मागे अंधार असताना बाबांना आरशात तुझी फक्त टॉर्च दिसते, तू दिसत नाहीस. तिथे शेवाळ असतं, तुझा गुडघा दुखतो, तुला पटकन बाजूला होता येणार नाही. सांगायचंच असेल तर पायरीवर, ड्रायव्हरच्या बाजूला, बाबांना तुझा चेहरा दिसेल अशी उभी राहा. तू दिसेनाशी झालीस की बाबांनी ब्रेक मारायचा, एवढं दोघांनी ठरवून टाका.

आणि बाबा, तो दिवा केवळ तुम्हाला दिसावं म्हणून नसतो. ब्रेकचा लाल दिवा फार तर गाडी थांबतेय एवढं सांगतो. पांढरा दिवा लागला की मागच्या माणसाला कळतं, गाडी आता आपल्याकडे येणार. शाळा सुटल्यावर वाडीतली पोरं त्याच रस्त्याने सायकली दामटत येतात. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, पण आपली गाडी त्याआधीची. आपल्याकडे पोरांना सावध करणारं जे आहे ते तो पांढरा दिवाच. म्हणून "चाललंय तसं चालू दे" हे या बाबतीत मला मान्य नाही. दिवा दुरुस्त होईपर्यंत अंधार पडल्यावर गाडी काढू नका. चिपळूणला जायचंच असेल तर रिक्षा बोलवा.

स्विच बदलताना गॅरेजमध्ये समोर उभे राहा. जुना स्विच हातात घेऊन आट्यांशी ताडून नवा घ्यायचा, नुसतं गाडीचं नाव सांगून नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मगच पाना लावायचा. जुना काढण्याआधी आजूबाजूचा चिखल ब्रशने साफ व्हायला हवा, नाहीतर तो सरळ गिअरबॉक्समध्ये पडतो. काही गाड्यांत ती जागा ऑइलच्या पातळीखाली येते आणि स्विच निघताच ऑइलची धार लागते, तेव्हा नवा स्विच वॉशरसकट आधीच हाताशी हवा. पहिले आटे बोटांनी फिरवायचे, मग पाना. गिअरबॉक्सचं अंग ॲल्युमिनियमचं असतं, पैलवानी जोर लावला की आटे गेले, आणि मग खरंच मोठा खर्च. ऑइल सांडलं असेल तर पातळी बघून भरून घ्या. कपलरच्या पिना घासून स्वच्छ करून मगच जोडायला सांगा.

नवा स्विच घालूनही दांडा दाबावाच लागला, तर गिअरची केबल किंवा तिच्या टोकाचे बुश, म्हणजे सांध्यातल्या छोट्या कड्या, सैल झालेत. मग रिव्हर्स पूर्ण बसतच नाही आणि गोळी अर्धवट दाबली जाते. हे गॅरेजवाल्याला आधीच बोलून ठेवा.

रविवारी सकाळी वायरच्या तुकड्याची ती चाचणी करा. आई मागे, पण गाडीपासून लांब उभी राहून दिवे लागतात का ते बघेल. लगेच मला फोन करा, मी घरीच आहे. स्विचचाच दोष निघाला तर कपलरचा आणि आट्यांकडचा फोटो पाठवा. इथे पिंपरीत दुकानं भरपूर आहेत, मी घेऊन एसटीने पार्सल करते.

बाबा, बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, त्या आधी आणा.

तुमची लेक