ठेव मोडू नका

भोसरी,
१७ ऑक्टोबर २०१९

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, कोजागरीच्या दिवशी तुम्ही फोनवर पोस्टातली ठेव मोडून पैसे पाठवतो म्हणालात, तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, कारण समोर दोन कामगार उभे होते आणि गळाही दाटून आला होता. आज गुरुवार, एमआयडीसीची सुट्टी, म्हणून निवांत बसून लिहितो आहे. ठेव मोडू नका. असे का म्हणतो ते तुम्हाला पटावे, यासाठी इथली परिस्थिती काही न लपवता सांगतो.

आपल्या शेडमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, बनणारे भाग मालट्रकच्या गिअरबॉक्समध्ये जातात. गेल्या वर्षी जुलैमध्ये सरकारने ट्रकवर भरता येणाऱ्या मालाची मर्यादा वाढवली, त्यामुळे आहेत त्याच गाड्यांत जास्त माल जाऊ लागला आणि वाहतूकदारांची नव्या गाड्यांची गरज कमी झाली. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस या मोठ्या वित्तकंपनीने कर्जफेड चुकवली आणि ज्या वित्तकंपन्यांच्या कर्जावर बहुतेक ट्रक विकले जातात, त्यांनी हात आखडता घेतला. त्यातच येत्या १ एप्रिलपासून बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या कडक निकषाच्या, इंजिनाखेरीज नवी गाडी विकता येणार नाही, म्हणून कारखाने नवे उत्पादन कमी करून जुना साठा संपवण्याच्या मागे आहेत. मोटारींचीही तीच गत आहे. ऑगस्टमधली विक्री मागच्या ऑगस्टपेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घटली. वर ट्रकच्या कारखान्यात ‘ब्लॉक क्लोजर’, म्हणजे काही दिवस उत्पादन बंद, लागले की खाली आमचे शेड्यूल, म्हणजे महिन्याची मागणी, कापले जाते. मागच्या दिवाळीत महिन्याला ९,००० नग जात होते, आता ३,५०० जातात. सहापैकी तीन सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन झाकून ठेवली आहेत, ६० दिवसांत मिळणारे पेमेंट १२० दिवसांवर गेले आहे, आणि मशीनच्या कर्जाचा हप्ता मात्र ५ तारखेला ठरल्याप्रमाणे जातो.

जुलैमध्ये पाच मुलांना कामावरून कमी करावे लागले. त्यांतला एक लातूरकडचा, आयटीआय करून आलेला, मायक्रोमीटर धरायला मीच शिकवलेला. हिशेबाचे पैसे मोजून घेतल्यावर त्याने एवढेच विचारले, “दिवाळीनंतर बोलवाल ना?” मी हो म्हणालो. ते खरे होईल की नाही हे मला ठाऊक नव्हते, आणि तरीही हो म्हणालो, याची टोचणी अजून जात नाही. उरलेल्या नऊ जणांना आठवड्यातून चार दिवस काम देतो, म्हणजे कोणाची चूल पूर्ण विझत नाही. पण कोणाचे पुरेसे भागतही नाही.

हे सगळे करताना मला सारखा संप आठवतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तो हक्कासाठी विचारपूर्वक दिलेला लढा होता आणि ही मंदी आहे. दोन्ही एका मापाने मोजण्याचे धाडस मी करणार नाही. पण घरातली शांतता मला ओळखीची वाटते. तुम्ही रोज सकाळी धुतलेला सदरा घालून गिरणीच्या गेटवर जायचात आणि संध्याकाळी काही न बोलता परत यायचात. एक दिवस मोरीतला तांब्याचा हंडा दिसेना. मी विचारले तेव्हा तो कल्हईला दिला आहे, असे आई म्हणाली. पुढे कित्येक महिने मी त्या हंड्याची वाट पाहिली. तुम्ही आम्हाला जपण्यासाठीच तसे सांगितलेत, हे आता मलाही मुले असल्यामुळे पुरते कळते. तरी मी माझ्या मुलांना सगळे सांगायचे ठरवले आहे. थोरलीला हप्त्याचा आकडासुद्धा सांगितला. तिने वही आणली आणि घरखर्चाचा हिशेब माझ्यासोबत मांडला.

आता ठेवीविषयी. तिच्या व्याजावर तुमची औषधे आणि आईचे डोळ्यांचे उपचार चालतात. रिझर्व्ह बँकेने यंदा पाच वेळा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, कमी करून तो ५.१५ टक्क्यांवर आणला आहे आणि ठेवींचे व्याजही उतरते आहे. आज मोडलेली ठेव उद्या त्याच दराने मिळेल असे नाही. शिवाय ती सगळी रक्कम माझे जेमतेम दोन हप्ते भागवील, आणि तिसऱ्या महिन्याला आपण दोघेही रिकामे असू. कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आला, त्याचा आपल्याला फायदा होईल का, असेही तुम्ही विचारलेत. आपली शेड कंपनी म्हणून नोंदलेली नाही, त्यामुळे तो दर आपल्याला लागू होत नाही. आणि ज्याला कामच नाही त्याला नफा कुठला नि त्यावरचा कर कुठला? आम्हाला मागणी हवी आहे. कोल्हापूरच्या एका पंप बनवणाऱ्याकडून शाफ्टच्या नमुन्याचे काम मिळाले आहे. पंपाला ट्रकची मंदी लागत नाही, म्हणून त्याच्यामागे मी जीव तोडून लागलो आहे.

भाऊबीजेनंतरच्या गुरुवारी गावी येतो. आई, संपाच्या दिवसांतली तुझी खाणावळीची वही ट्रंकेत असेल, ती काढून ठेव. वाण्याने उधारी बंद केल्यावरही तू गावाकडच्या एकट्या कामगारांना जेवू घालत होतीस, एवढे मला आठवते. कोणाला किती दिवस, कशाच्या भरवशावर, आणि नाही म्हणायची वेळ आली तेव्हा कोणत्या शब्दांत म्हणालीस, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचे आहे. नोव्हेंबरचे काम नऊ जणांत कसे वाटायचे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तुमचा,
थोरला