सुमे, पार्थने स्वतःचं नाव बदललं

सातारा, रविवार

प्रिय सुमे,

गुडघा तसाच, बीपी गोळीवर. आता मुद्द्याचं.

शाळेत नवे सर आले. ओळख करून देताना पार्थने नाव सांगितलं 'अमित'. 'प' ओठांवर अडकतो, वर्ग हसतो, म्हणून सुटेल ते नाव. घरी सगळ्यांना गंमत वाटली. मला तू आठवलीस, 'म'वर अडखळायला नको म्हणून मिसळ हवी असताना वडा मागवणारी! इतर शब्द बदलता येतात, स्वतःचं नाव कसं बदलायचं, असं तूच म्हणायचीस. इंटरव्ह्यूला तुझं नाव मी सांगावं म्हणून हट्ट धरलास, मी नाही म्हटलं, तर केवढा अबोला! अजूनही मला माझंच बरोबर वाटतं. भांड हवं तर.

सासूबाई वेखंड, अक्कलकाढा उगाळताहेत. जाऊबाईंचं पालुपद, "घाबरू नको, हळू बोल." अगं, घाबरट म्हणून का कुणी अडखळतं? 2 ते 5 वर्षांची शंभरातली पाचेक मुलं अडखळतात, बहुतेकांचं आपोआप सुटतं. पार्थ 9 वर्षांचा झालाय. मोठ्यांतही शंभरात एखादा असतोच, आणि घराण्यातही येतं. आमचे दादा आठव. पार्थ आरती मात्र खणखणीत म्हणतो, तशी तू गॅदरिंगला गायचीस. त्यावरून वर्गाच्या बाईंना वाटलं, पोरगं नाटक करतंय. गाताना, सगळ्यांबरोबर म्हणताना अडखळणं जातं, हे त्यांना समजावलं. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, नजर वळवू नका, हसणाऱ्यांना तिथेच थांबवा, असंही सांगितलं. वर्गात आपला नंबर येण्याची वाट बघण्यातच त्याचा जीव जातो, तेव्हा आधी त्यालाच विचारा. बाईंनी वहीत लिहून घेतलं, बरं वाटलं.

वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत स्पीच थेरपिस्टला दाखवायचं ठरवतोय. अडखळेना का बापडा! पण उत्तर येत असून "माहीत नाही" म्हणायला लागलाय, त्याने माझी झोप उडालीय. असाच गप्प होत गेला तर?

त्याच्याशी बोलशील? फोनचा तुला वैताग, ठाऊक आहे. व्हिडिओ कॉल कर. केरळचे पहिले मुख्यमंत्री नंबूद्रीपाद अडखळत बोलायचे, त्यांचा तुझा आवडता किस्सा सांग. कुणी विचारलं, "नेहमीच अडखळता का?" तर म्हणाले, "नाही, बोलतानाच." आणि त्याच्यापुढे शब्द बदलू नकोस. अडलीस तर अड. मोठं माणूस अडून पुढे बोलतं, हे त्याने अजून पाहिलेलंच नाही.

नवं घर लागलं का? मनूच्या बारावीचं काय? भावजींना नमस्कार.

शनिवारी दुपारी तो घरी असतो.

तुझी,
नलू