पीएच.डी.नंतर काय, हा प्रश्न नोंदणीच्या दिवशीच विचारला जावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या जून महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला घरी आली होती. ती खानापूर तालुक्यातल्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, बेळगावात बी.एस्सी. झाली आणि कोल्हापुरात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून तिथेच तिने पीएच.डी.साठी पाच वर्षे काढली. थीसिस सबमिट झाला आहे, व्हायवाची तारीख यायची आहे. मधल्या काळात इकडे कर्नाटकातल्या एका महाविद्यालयात गेस्ट लेक्चररच्या जागेसाठी तिने अर्ज दिला होता, तो परत आला. झेरॉक्सचा गठ्ठा तिने माझ्यासमोर ठेवला, तेव्हा महाराष्ट्राच्या सेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेच्या, प्रमाणपत्रावर कुणीतरी पेन्सिलीने गोल करून शेजारी प्रश्नचिन्ह काढलेले दिसले. "बाई, ही सेट इथं चालत नाही म्हणाले," एवढेच ती म्हणाली.

त्या कार्यालयाला मी दोष देत नाही, कारण नियमच तसा आहे. १ जून २००२ पासून पुढे झालेली सेट परीक्षा ज्या राज्यातून उत्तीर्ण झालात, त्या राज्यातल्याच विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत सहायक प्राध्यापकपदासाठी धरली जाते. महाराष्ट्राची सेट राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात, उपयोगाची नाही आणि कर्नाटकची के-सेट पलीकडे उपयोगाची नाही. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा मात्र देशभर चालते. पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या मुलाला हा फरक कदाचित आयुष्यात कधी जाणवणार नाही. पण ज्यांचे घर एका राज्यात आणि विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, त्या आपल्या सीमाभागातल्या मुलांसाठी कोणती परीक्षा आधी द्यायची हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. ही गोष्ट त्या मुलीला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कुणी सांगितली नाही, पीएच.डी.च्या पाच वर्षांतही सांगितली नाही, आणि तिची शिक्षिका म्हणून मीही सांगितली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

असे माहितीअभावी होणारे नुकसान एवढ्यावर थांबत नाही. वयाची अट तर अनेकांना ती उलटून गेल्यावरच कळते. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेसाठी सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराला २६ व्या वर्षापर्यंतच अर्ज करता येतो; म्हणजे एम.एस्सी.नंतर दोन-तीन वर्षे 'बघू काय ते' म्हणत घालवली की ते दार बंद होते. नेटमधून मिळणाऱ्या जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचेही तेच, तिलाही वयाची अट आहे. जानेवारी २०२३ पासून ही फेलोशिप पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, म्हणून ४२,००० रुपये अशी आहे, घरभाडे वेगळे. ज्याला ती मिळते तो स्वतःच्या पायावर उभा राहून संशोधन करतो आणि ज्याला मिळत नाही तो तीस वर्षांचा होईपर्यंत वडिलांच्या उसाच्या बिलाची वाट पाहतो. जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो, त्यात केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरणाऱ्यांचाही एक गट आहे आणि पीएच.डी. प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष धरले जातात. ते वर्ष हातचे गेल्यावर 'मी नेट पास आहे' असे सांगत फिरणारी मुले मला भेटली आहेत.

यावर उपाय म्हणून नवे केंद्र किंवा नवी इमारत मागावी असे मला वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. ही बैठक आजही होते. तिथे किती प्रयोग झाले, किती पेपर लिहिले, हे विचारले जाते. त्याच बैठकीत, गाईडच्या समोरच, आणखी पंधरा मिनिटे 'पुढे काय करणार आहात आणि त्यासाठी या सहा महिन्यांत काय केले' हे विचारावे आणि उत्तराची लेखी नोंद ठेवावी, एवढीच माझी मागणी आहे. पहिल्याच बैठकीत नेट-सेटचा हा नियम, वयाच्या अटी आणि फेलोशिपच्या तारखा यांचा एक छापील कागद हातात पडला, तर पुढची बरीच वणवण वाचेल. राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ या तिघांकडे आपल्या भागातली मुले विभागलेली आहेत. तिघांनी मिळून तो कागद मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत काढला तर फारच चांगले.

'पुढे काय' याचे उत्तर दर वेळी 'प्राध्यापक' असेच असायला हवे का, हेही या निमित्ताने बोलले पाहिजे. कायम प्राध्यापकाची जागा मोजक्यांनाच मिळते. बाकीचे इकडे गेस्ट लेक्चरर म्हणून आणि महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षामागून वर्षे काढतात. पोस्टडॉकचा, म्हणजे पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीच्या संशोधनाचा, मार्ग चांगला आहे, पण तो मुक्काम नव्हे. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते, तिलाही वयाची अट आहे, आणि ती संपल्यावर प्रश्न तिथेच उभा असतो. ज्यांना संशोधनातच राहायचे आहे त्यांनी जरूर राहावे, मात्र पुढची पायरी ठरवून राहावे. उरलेल्यांना आजूबाजूला पाहायला शिकवले पाहिजे. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत, बेळगावातच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, तरी साखर आणि इथेनॉल यांच्या रसायनशास्त्राकडे आपले एम.एस्सी. झालेले विद्यार्थी वळून पाहत नाहीत. उद्यमबाग आणि मच्छे इथल्या फौंड्र्यांत वितळलेल्या धातूचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर तपासून ओतकाम सुरू करायचे की थांबवायचे हे ठरवणारा माणूस लागतो. भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलाने ते एकदा उभे राहून पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पारंपरिक औषधविषयक राष्ट्रीय संस्था शहरातच आहे आणि पश्चिम घाटातल्या वनस्पती खानापूरच्या जंगलात आपल्या दाराशी आहेत. चोर्ला घाट उतरला की गोव्यातली औषधनिर्मिती आहे. विज्ञानाच्या पदवीधराला पेटंट एजंटची, म्हणजे इतरांच्या शोधांच्या पेटंटचे अर्ज हाताळणाऱ्याची, परीक्षा देता येते, हे तर मी ज्यांना ज्यांना सांगितले त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हते.

एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी लिहिते. इकडे राहून नोकरी करायची तर कन्नड लिहिता-वाचता आले पाहिजे. मराठी माझी मातृभाषा आहे, मी जन्मभर तिच्यातून विज्ञान शिकवले, आणि मराठी शाळांच्या हक्कांसाठी मी मोर्च्यांतही चालले आहे. पण गुणवत्तेच्या जोरावर मुलाखतीपर्यंत पोचलेले मूल तिथे भाषेमुळे गप्प बसावे, हे मला पाहवत नाही. कन्नड शिकल्याने मराठी कमी होत नाही.

राहिले आपण शिक्षक आणि पालक. बंगळूर, पुणे किंवा परदेशात पोस्टडॉक करणारी आपल्या भागातली मुले गणपतीला आणि दिवाळीला घरी येतात. त्या आठवड्यात त्यांना शाल-श्रीफळ देऊन फोटो काढण्यापेक्षा महाविद्यालयांनी एम.एस्सी.च्या वर्गात दोन तास बसवावे आणि अर्ज कसा लिहिला, किती वेळा नाकारला गेला, तेव्हा घरखर्च कसा चालवला, हे त्यांच्या तोंडून मराठीत ऐकवावे. माझ्या त्या विद्यार्थिनीने यंदाच्या गणपतीत असा वर्ग घ्यायचे कबूल केले आहे. पेन्सिलीचा गोल असलेला तो कागदही ती सोबत आणणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
शहापूर, बेळगाव